हप्त्याचा हिशोब वेबपेजवर : जावास्क्रिप्टचं मॅथ कोणत्या क्रमाने वापरायचं

एक लाखाचं कर्ज, वार्षिक १२ टक्के व्याज, १२ महिने. हप्ता साधारण ८,८८५ रुपये यायला हवा. पण नवशिक्यांनी लिहिलेल्या पेजवर हाच हिशोब कधी ८,६९२ दाखवतो, कधी १,०८३, कधी ८८८४.८७८८६ अशी लांबलचक शेपटी, तर कधी नुसतंच 'नॅन', म्हणजे 'ही संख्या नाही'. मग दोष जावास्क्रिप्टला दिला जातो. मॅथमधली (म्हणजे जावास्क्रिप्टच्या गणिताच्या आयत्या संचातली) फंक्शनं मात्र आपलं काम चोख करत असतात. चूक असते ती त्यांच्या हातात काय दिलं, कुठल्या क्रमाने दिलं आणि आलेल्या उत्तराचं पुढे काय केलं यात.

हा लेख तो क्रम लावून देण्यासाठी आहे. उदाहरण हप्त्याचं घेतलं आहे, कारण त्यात घात, भागाकार, लॉग आणि पूर्णांकन हे सगळं एकाच ठिकाणी भेटतं. क्रम एका ओळीत सांगायचा तर : आधी मजकुराची संख्या करा, मग तपासा, मग कुठेही न छाटता हिशोब करा, मग एकदाच राउंड करा आणि अगदी शेवटी सजवून दाखवा.

आधीची तयारी

लेखात सगळं देवनागरीत लिहिलं आहे. कोड टाइप करताना मात्र फंक्शनांची नावं रोमन अक्षरांत आणि आकडे इंग्रजी लागतील. व्हेरिएबलला 'हप्ता' किंवा 'मुद्दल' असं देवनागरी नाव दिलेलं जावास्क्रिप्टला चालतं, पण कोडमध्ये १२ हा आकडा देवनागरीत लिहिलात तर स्क्रिप्ट तिथेच अडते.

मॅथबद्दल चार गोष्टी आधीच पक्क्या करा.

मॅथचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि पुढची सगळी लहान असतात. पहिलं अक्षरही लहान टाकलं तर 'असं काही नाहीच' अशी एरर येते. मॅथ आयतं तयार असतं, त्याच्याआधी 'न्यू' लावायचं नाही. फंक्शनच्या नावापुढे कंस हवाच, मॅथ.रँडम एवढंच लिहून कंस विसरलात तर संख्या मिळत नाही, खुद्द फंक्शनच हाती येतं. आणि स्वतःच्या व्हेरिएबलला मॅथ हे नाव कधीही देऊ नका, नाहीतर त्या भागात मूळचं मॅथ झाकलं जातं.

ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून कन्सोल उघडा आणि तो हा लेख संपेपर्यंत बंद करू नका. पुढची प्रत्येक ओळ तिथे चालवून बघता येते.

टप्पा १ : मजकुराची संख्या करा

इनपुटच्या चौकटीत माणूस काहीही टाइप करो, व्हॅल्यू म्हणून तुमच्या हातात येते ती स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, आणि तो लपून राहतो. वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार करताना जावास्क्रिप्ट मजकुराची गुपचूप संख्या करून घेतं. बेरजेत तसं करत नाही. तिथे दोन मजकूर एकमेकांना चिकटतात. १००००० मुद्दल आणि २००० प्रोसेसिंग फी यांची बेरीज करायला जावं, तर १०००००२००० मिळतं. शंभर कोटी दोन हजारांचं कर्ज! तीन क्रिया बरोबर चालतात म्हणून चौथीवर कुणी संशय घेत नाही.

म्हणून व्हॅल्यू हातात आली की पहिल्याच ओळीत नंबर() वापरून संख्या करा. पण त्याच्याही आधी मजकूर साफ करावा लागतो, कारण आपल्याकडे लोक रक्कम १,००,००० अशी स्वल्पविराम देऊन लिहितात. नंबर() ला स्वल्पविराम चालत नाही. तो नॅन देतो, म्हणजे 'ही संख्या नाही'. पार्सफ्लोट() वापरणाऱ्यांचं याहून वाईट होतं. तो पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबतो आणि एक लाखाचा चक्क १ करून मोकळा होतो. एररही देत नाही. पैशाच्या चौकटीसाठी पार्सफ्लोट() वापरू नका, हे माझं ठाम मत आहे.

मराठी वाचकांच्या पेजसाठी आणखी एक पायरी लागते. मराठी कीबोर्डवरून कुणी १००००० देवनागरीत टाइप केलं तरी नंबर() नॅनच देतो. त्यामुळे साफसफाई अशी करा :

अंकमाला = '०१२३४५६७८९'
मजकूर = चौकट.व्हॅल्यू.ट्रिम()
मजकूर = मजकूर.रिप्लेस(/[०-९]/जी, अंक => अंकमाला.इंडेक्सऑफ(अंक))
मजकूर = मजकूर.रिप्लेस(/[,₹\एस]/जी, '')

इथे एका जागी जरा जपून. अंकमालेतले दहा अंक आणि रिप्लेसमधल्या चौकोनी कंसातले दोन अंक, एवढेच कोडमध्ये खरोखर देवनागरी ठेवायचे. बाकी सगळं रोमन. प्रत्येक देवनागरी अंकाची जागा त्याच्या क्रमांकाने घेतली जाते, म्हणजे '०' च्या जागी शून्य, '१' च्या जागी एक. पुढची ओळ स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह आणि मधल्या मोकळ्या जागा काढून टाकते.

तपासा : चौकटीत १,००,००० देवनागरीत टाइप करा, साफसफाई करून नंबर() चालवा आणि कन्सोलमध्ये 'टाइपऑफ' लावून बघा. उत्तर 'नंबर' यायला हवं. मग त्यात १ मिळवा. १००००१ आलं तर पुढे जा, १०००००१ आलं तर अजून मजकूरच हातात आहे.

टप्पा २ : हिशोबाआधी दारावर अडवा

संख्या झाली म्हणजे ती वापरण्यालायक झाली असं नाही. तीन तपासण्या याच क्रमाने करा.

पहिली, चौकट रिकामी आहे का? ही नंबर() चालवण्याआधी, मजकुरावरच करायची. कारण रिकाम्या मजकुराचं नंबर() शून्य करतो. नुसत्या स्पेसचंही शून्य. 'व्याजदर भरलाच नाही' आणि 'व्याजदर शून्य आहे' यातला फरक इथे कायमचा पुसला जातो, आणि नंतर कितीही शोधला तरी सापडत नाही.

दुसरी, संख्या धड आहे का? त्यासाठी नंबर.इझफायनाइट() वापरा. तो नॅन आणि अनंत दोघांनाही बाहेर ठेवतो. 'उत्तर === नॅन' असं लिहून तपासायला जाऊ नका; नॅन हा स्वतःशीही बरोबर नसतो, त्यामुळे ती अट कधीच खरी ठरत नाही.

तिसरी, संख्या अर्थाला धरून आहे का? मुद्दल शून्याहून जास्त, व्याजदर शून्य किंवा जास्त, महिने पूर्णांक आणि किमान १. महिन्यांसाठी नंबर.इझइंटिजर() आहे. कुणी १२.५ महिने टाकले तर मॅथ.राउंड() लावून ते गुपचूप १३ करू नका. त्याला विचारा. माणसाने भरलेली माहिती आपल्या मनाने दुरुस्त करणारं पेज पुढे भांडणं लावतं.

सावधान : नॅन संसर्गजन्य आहे. एका चौकटीतून आत शिरला की बेरीज, गुणाकार, मॅथ.मॅक्स(), जिथे जाईल तिथलं उत्तर नॅन करतो. पेजवर शेवटी नॅन दिसला तर शेवटच्या ओळीत शोधत बसू नका, दारापाशी जा.

टप्पा ३ : हिशोब करा, पण कुठेही छाटू नका

हप्त्याचं सूत्र तीन ओळींत मोकळं करून लिहा. सगळं एका ओळीत कोंबलं तर कंस चुकतात.

दर = वार्षिकदर / १२ / १००
गुणक = मॅथ.पॉव(१ + दर, महिने)
हप्ता = मुद्दल * दर * गुणक / (गुणक - १)

आपल्या उदाहरणात दर ०.०१, गुणक १.१२६८२५ च्या आसपास, आणि हप्ता ८८८४.८७८८६… येतो.

घातासाठी मॅथ.पॉव() किंवा दोन तारे (**) वापरा. वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये घातासाठी जी टोपी (^) लिहितात, ती जावास्क्रिप्टमध्ये घात करत नाही. ती दोन पूर्णांकांचे बिट एकमेकांशी ताडून पाहते. १.०१ ^ १२ चं उत्तर १३ येतं. तो १३ गुणक म्हणून सूत्रात गेला की हप्ता निघतो १,०८३ रुपये ३३ पैसे. एरर नाही, नॅन नाही, दिसायला अगदी साजरा आकडा. अशा चुका महिनोन् महिने पेजवर तशाच राहतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे मधेच राउंड करणं. 'गुणक दोन दशांशांपर्यंत घेतला तर काय बिघडतं?' बघा काय बिघडतं : १.१२६८२५ चा १.१३ केला की हप्ता ८,६९२ रुपये ३१ पैसे येतो. महिन्याला १९२ रुपयांहून जास्त फरक. तीन दशांश ठेवून १.१२७ घेतला तरी ८,८७४ रुपये २ पैसे, म्हणजे जवळजवळ ११ रुपये कमीच. कारण भागाकारात गुणकातून १ वजा होतो, उरलेल्या ०.१२६८ मध्ये ती इवलीशी छाटणी फार मोठी ठरते. मासिक दराचीही तीच गत. ९ टक्क्यांचा मासिक दर ०.७५ टक्के, मॅथ.राउंड() ने तो १ झाला की ९ टक्क्यांचं कर्ज १२ टक्क्यांचं झालं.

तिसरी गोष्ट, शून्य व्याज. दुकानदार 'बिनव्याजी हप्ते' देतात तेव्हा दर शून्य, गुणक १, आणि सूत्र होतं शून्य भागिले शून्य : नॅन. त्यासाठी वेगळी फांदी ठेवा; दर शून्य असेल तर हप्ता = मुद्दल / महिने.

उलटा प्रश्नही लोक विचारतात : 'मला महिन्याला ५,००० परवडतात, किती महिने लागतील?' तिथे मॅथ.लॉग() येतो.

महिने = -मॅथ.लॉग(१ - मुद्दल * दर / हप्ता) / मॅथ.लॉग(१ + दर)

एक लाख, १ टक्का मासिक, ५,००० हप्ता : उत्तर २२.४३ च्या आसपास. इथे मॅथ.सील() लावून २३ हप्ते सांगा, शेवटचा लहान असेल. मॅथ.लॉग() हा नैसर्गिक लॉग आहे, दहाच्या पायाचा हवा असेल तर मॅथ.लॉग१०() वेगळा आहे. या सूत्रात भागाकार असल्यामुळे वरखाली एकच पाया वापरला की कुठलाही चालतो, पण एक वर आणि दुसरा खाली असं झालं की सगळं कोसळतं.

तपासा : याच सूत्रात हप्ता १,००० टाका. महिन्याचं व्याजच १,००० आहे, म्हणजे मुद्दल कधी हलणारच नाही; उत्तर येतं इन्फिनिटी. ९०० टाका, तर लॉगच्या पोटात ऋण संख्या जाते आणि नॅन येतो. दोन्ही उत्तरं गणिताच्या दृष्टीने बरोबर आहेत. पेजवर मात्र 'हा हप्ता व्याजालाही पुरत नाही' असं वाक्य दिसायला हवं, आणि ते लिहिणं तुमचं काम आहे.

टप्पा ४ : राउंड एकदाच, आणि कुठल्या फंक्शनने ते ठरवून

छाटणारी चार फंक्शनं आहेत, आणि त्यातली फ्लोअर आणि ट्रंक धन संख्यांवर इतकी सारखी वागतात की फरक कळतच नाही. मॅथ.राउंड() जवळच्या पूर्णांकाकडे जातो. मॅथ.फ्लोअर() नेहमी खाली, मॅथ.सील() (स्पेलिंग सी-ई-आय-एल, समुद्रातला सील प्राणी नव्हे) नेहमी वर, आणि मॅथ.ट्रंक() दशांशानंतरचा भाग नुसता तोडतो.

परतावा, सूट, शिल्लक अशा ऋण संख्या आल्या की फरक उघडा पडतो. -२.३ चा फ्लोअर -३, ट्रंक -२. राउंड अर्ध्यावर असला की वरच्या बाजूला झुकतो, म्हणून २.५ चे ३ होतात पण -२.५ चे -२. ग्राहकाकडून घेताना ३ आणि परत देताना २, असा हिशोब दुकानात चालणार नाही. दोन्ही बाजूंना सारखं हवं असेल तर मॅथ.अॅब्स() ने चिन्ह बाजूला ठेवा, राउंड करा आणि मॅथ.साइन() ने चिन्ह परत लावा. हा चिन्ह सांगणारा साइन, स्पेलिंग एस-आय-जी-एन; कोनाचा साइन वेगळा आहे, तो एस-आय-एन.

आता दशांशांची खोड. जावास्क्रिप्ट संख्या द्विमान पद्धतीत साठवतं आणि ०.१ सारखे अपूर्णांक त्यात नेमके बसत नाहीत. ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३००००००००००००००४ येतं. इतकी बारीक चूक राउंडला पचते. फ्लोअर आणि सीलला पचत नाही. १९.९९ रुपयांचे पैसे करायला १०० ने गुणलं तर १९९८.९९९९९९९९९९९९९८ येतात, आणि फ्लोअर लावला की १,९९८ पैसे. एक पैसा गेला. उलट १.१ मीटरचे सेंटिमीटर करताना १.१ * १०० चं उत्तर ११० हून केसभर जास्त येतं, आणि सील त्याचे १११ करतो. म्हणून रुपयांचे पैसे करताना नेहमी मॅथ.राउंड(), आणि फ्लोअर किंवा सील फक्त खरोखर 'खाली' किंवा 'वर' हवं असेल तिथे. खोलीला ३० फरशा लागतात आणि खोक्यात ४ येतात, तर साडेसात खोकी मिळत नाहीत : मॅथ.सील(३० / ४), म्हणजे ८.

दोन दशांश हवे असतील तर नेहमीची युक्ती मॅथ.राउंड(हप्ता * १००) / १००. आपल्या उदाहरणात ८८८४.८८. मॅथ.राउंड(हप्ता, २) असं लिहू नका; दुसरा आकडा तो बघतही नाही. शिवाय १.००५ ला ही युक्ती १ देते, १.०१ नाही, कारण १.००५ * १०० हे १००.५ पेक्षा किंचित कमी भरतं. यावर नंबर.एप्सिलॉन, म्हणजे जावास्क्रिप्टमधला एक अतिशय लहान ठरलेला आकडा, मिळवायचा सल्ला सगळीकडे फिरतो. १.००५ पुरता तो चालतो, पण ४ किंवा त्याहून मोठ्या संख्येत एप्सिलॉन इतका नगण्य ठरतो की मिळवला काय नि न मिळवला काय, संख्या तीच राहते. पैशाच्या हिशोबात चारच्या आतली रक्कम कितीदा येते?

खरा उपाय म्हणजे सगळा हिशोब पूर्ण पैशांत करणं.

टप्पा ५ : हप्त्यांचा तक्ता पैशांत चालवा

हप्ता रुपयात राउंड केला : ८,८८५. पैशांत ८८८५००. मुद्दल १००००००० पैसे. आता दर महिन्याला असं :

व्याज = मॅथ.राउंड(बाकी * दर)
बाकी = बाकी + व्याज - हप्ता

पहिल्या महिन्यात व्याज १,००० रुपये, बाकी ९२,११५. दुसऱ्यात व्याज ९२१ रुपये १५ पैसे, बाकी ८४,१५१ रुपये १५ पैसे. इथे दर महिन्याला राउंड केलेलं चालतं, किंबहुना केलंच पाहिजे, कारण खातेवहीत अर्धा पैसा लिहिला जात नाही. टप्पा ३ मधला नियम सूत्राच्या पोटातल्या संख्यांसाठी होता. ही प्रत्यक्ष नोंद आहे.

शेवटच्या महिन्यात मात्र ठरलेला हप्ता वजा करायचा नाही. त्या महिन्याचा हप्ता = बाकी + व्याज. नाहीतर शेवटी बाकी एक-दीड रुपया ऋण राहते आणि तुमचा तक्ता शून्यावर येत नाही.

तपासा : बाराव्या हप्त्याची रक्कम ८,८८३ रुपये ४६ पैसे यायला हवी, आणि एकूण व्याज ६,६१८ रुपये ४६ पैसे. वेगळं आलं तर बहुधा 'दर' कुठेतरी छाटला गेला आहे.

टप्पा ६ : दाखवणं सर्वांत शेवटी

टूफिक्स्ड() मजकूर परत देतो. 'हप्ता.टूफिक्स्ड(२)' चं उत्तर बेरजेत टाकलंत की पुन्हा टप्पा १ मधला चिकटण्याचा खेळ सुरू. म्हणून टूफिक्स्ड() आणि टूलोकेलस्ट्रिंग() ही पडद्यावर टाकण्याच्या ओळीतच असावीत, मधे कुठेही नाही.

लाख-कोटींचे स्वल्पविराम हाताने घालू नका. टूलोकेलस्ट्रिंग() ला 'ईएन-आयएन' दिलं की इंग्रजी आकड्यांत लाखाच्या पद्धतीने, आणि 'एमआर-आयएन' दिलं की थेट देवनागरीत ८,८८५ मिळतं. काहीच दिलं नाही तर वाचकाच्या ब्राउझरची जी सेटिंग असेल ती लागते. परदेशातल्या मराठी वाचकाला मग एक लाख १००,००० असा दिसू शकतो.

बाकीची फंक्शनं, जिथे पाय घसरतो

मॅथ.मॅक्स() आणि मॅथ.मिन() यांना सुट्या संख्या लागतात. अॅरे (संख्यांची यादी) तसाच दिला तर एकाहून जास्त घटकांना नॅन येतो. अॅरेपुढे तीन टिंबं देऊन तो उलगडा. रिकामा अॅरे उलगडला तर मॅक्स उणे इन्फिनिटी देतो आणि मिन अधिक इन्फिनिटी. आधी लांबी तपासा.

कोनांची फंक्शनं अंश ओळखत नाहीत, त्यांना रेडियन लागतात. मॅथ.सिन(३०) लिहून ०.५ ची वाट बघणाऱ्याला -०.९८८ मिळतं. अंश * मॅथ.पाय / १८० करून मगच आत पाठवा. तरीही अगदी ०.५ येणार नाही, ०.४९९९९९९९९९९९९९९९४ येईल; दोन दशांश उत्तरं 'बरोबर आहेत का' हे === ने कधी तपासू नका, फरकाचा मॅथ.अॅब्स() काढा आणि तो पुरेसा लहान आहे का बघा.

मॅथ.रँडम() शून्यापासून १ पर्यंत देतो, पण १ स्वतः कधीच नाही. फासा टाकायचा तर मॅथ.फ्लोअर(मॅथ.रँडम() * ६) + १. फ्लोअरऐवजी राउंड लावून मॅथ.राउंड(मॅथ.रँडम() * ५) + १ असं लिहिलेलं बरंच दिसतं. त्यातही १ ते ६ हेच आकडे येतात, म्हणून चूक दिसत नाही. पण १ आणि ६ पडण्याची शक्यता बाकीच्यांच्या निम्मी होते.

सावधान : ओटीपी, पासवर्ड किंवा सोडतीचा निकाल मॅथ.रँडम() ने काढू नका, त्याचे पुढचे आकडे ओळखता येऊ शकतात. त्यासाठी ब्राउझरमध्ये क्रिप्टो.गेटरँडमव्हॅल्यूज() आहे.

पेज चढवण्याआधीच्या चाचण्या

प्रत्येक चाचणी पेजवरच्या चौकटी भरून करा, नुसती कन्सोलमध्ये नाही.

१. १,००,००० / १२ टक्के / १२ महिने : हप्ता ८,८८५.
२. तेच आकडे देवनागरीत, स्वल्पविरामांसह : तेच उत्तर.
३. ५,००,००० / ९ टक्के / ६० महिने : राउंड करण्याआधी १०,३७९ रुपये १८ पैसे.
४. १,२०,००० / शून्य टक्के / १२ महिने : १०,०००, नॅन नाही.
५. व्याजदर रिकामा : 'व्याजदर भरा' असा संदेश, शून्य टक्क्यांचा हिशोब नाही.
६. महिन्यांच्या चौकटीत १२.५, मग -३, मग 'बारा' : तिन्ही वेळा हिशोब न करता संदेश.
७. १,००,००० / १२ टक्के / १ महिना : हप्ता १,०१,००० आणि तक्त्यात एकच ओळ. सूत्र बरोबर असूनही शेवटच्या हप्त्याची फांदी चुकलेली असेल, तर ती इथे पकडली जाते.